एका वेळी एक सूत

फिटरकाकांनी मला फसवलं. दोन वर्षं, दर रविवारी सकाळी, जरीपटक्यातल्या माझ्याच दुकानासमोर, माझ्या डोळ्यांदेखत फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्यांच्याबद्दल चार बरे शब्द लिहावे लागणार आहेत आणि त्यावरून मी त्यांना माफ केलं असा कोणाचा गैरसमज व्हायला नको.

कुठलीही सायकल समोर आली की ते मधल्या बोटाच्या नखाने तिच्या नळीवर टिचकी मारत आणि डोळे मिटून ऐकत. माझ्या दुकानातल्या चकचकीत ॲल्युमिनियमच्या सायकलींवर टिचकी पडली की ‘टप्’ असा आवाज येई, रिकाम्या डब्यासारखा. काका डोळे उघडून म्हणत, "झोपली आहे." मग स्वतःच्या सायकलवर मारत. तिच्यातून पितळी गुंडाच्या, म्हणजे पाण्याच्या घागरीच्या काठासारखा बारीक, लांबत जाणारा सूर निघे. तो पुरता विरेपर्यंत ते कोणाशी बोलत नसत. मीही थांबायचो. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी थांबायचो, आणि मी थांबणारा माणूस नाही.

मी कसा माणूस आहे तेही सांगतो. उमरेडला वडिलांचा हातमाग होता. तो बंद पडल्यावर मी नागपूरला आलो आणि जरीपटक्याच्या फुटपाथवर पंक्चरची पेटी मांडली. आज त्याच फुटपाथच्या मागे माझं सायकलचं दुकान आहे, दोन शटरचं. मला कोणी काही फुकट दिलं नाही आणि मी कोणाकडून फुकट घेतलं नाही. वस्तू बघितली की तिचा भाव मला दिसतो, माणूस बघितला की तो कुठे नमणार ते दिसतं. तोंड तिखट आहे. गिऱ्हाईक म्हणतात, माल चांगला आहे पण शेठ खेकसतो. चेन पाहून सायकल किती चालली ते मी सांगतो, टायर पाहून कुठे चालली ते सांगतो. माझ्या नजरेतून काही सुटत नाही असं मी या उन्हाळ्यापर्यंत लोकांना सांगत होतो.

काका पहिल्यांदा आले ते दिवाळीनंतरच्या एका रविवारी, ब्रेकचे रबर घ्यायला. बुटके, काटक, अर्ध्या बाहीचा पांढरा सदरा, खिशात पेन आणि स्टीलची छोटी पट्टी. खापरखेड्याच्या वीज केंद्रात सारी नोकरी फिटर म्हणून केलेली, निवृत्तीनंतर इंदोऱ्यात घर. चालताना मान ताठ. कोणी बाजूने हाक मारली तर ते नुसती मान वळवत नसत, अख्खे वळत. मला वाटलं, सरकारी नोकरीचा रुबाब आहे.

"जय भीम शेठ," म्हणाले आणि हातातली सायकल खांबाला टेकवली. मी रबर काढायला वाकलो होतो, तसाच राहिलो.

तुमच्यापैकी ज्यांचं वय झालं आहे त्यांना अशी सायकल आठवत असेल. सरळ हँडल, जाड टायर, पोलादी नळ्यांची फ्रेम. डोंगरदऱ्यांत चालवायची म्हणून निघाली होती आणि आपल्याकडे डोंगर नसतानाही कॉलेजातली मुलं तिच्यासाठी घरी उपास करत. पुढे शॉकअप नाही, मागे नाही, गिअर नाही. पुढचं चाक धरणारा चिमटा कडक लोखंडाचा, टोकाशी जरासा पुढे झुकलेला. रंग कधीकाळी हिरवा असावा. हात, मांडी, पँट जिथे घासत आली तिथे लोखंड उघडं पडलं होतं आणि तेलाच्या फडक्याने पुसून पुसून तपकिरी झालं होतं. मागच्या एका सांध्यावर पितळेची झाळ घातलेली, इतकी साफ की कोणी हौसेने घातलेला दागिना वाटावा. गंजाचा ठिपका नाही.

अशा सायकली आता पुण्या-बंगळुरूकडची शौकीन माणसं शोधत फिरतात हे मला माहीत होतं. काकांना ते माहीत नसावं, असं मी धरून चाललो.

"काका, किती जुनं ओझं वागवून राह्यले," मी सुरुवात केली. "हे ठेवा इथंच. ही पाहा नवी. समोर शॉकअप, डिस्क ब्रेक, एकवीस गिअर. घेऊन जा अशीच."

त्यांनी नवीला टिचकी मारली. ऐकलं. "झोपली आहे."

"मंग तुमीच भाव सांगा तुमच्या सायकलचा."

"शेठ, तुमी सायकल चालवता काय?"

"मी इकतो."

"मंग माल कसा समजते तुमाले?"

"मिठाईवाला काय रोज पेढे खाते?"

"खात नाई, पण चाखते तं," काका म्हणाले. "एक चक्कर मारून पाहा. मंग भाव बोलू."

वीस वर्षांत मी सायकलवर बसलो नव्हतो. स्कूटरने येतो, स्कूटरने जातो. पण समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर सायकलच्या दुकानदाराने नाही कसं म्हणायचं. बसलो. मी चांगला सहा फुटी माणूस. गुडघे हँडलला लागत होते. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत आलो.

"लहान आहे गा तुले," काका म्हणाले. एका चकरेत ते तुमीवरून तूवर आले होते. "तंगड्या लांब आहेत. पण रस्ता समजला काय?"

"रस्त्यात काय समजाचं? रोजचाच आहे."

मी खोटं बोललो. कोपऱ्यावर नळाच्या पाइपासाठी खणून बुजवलेला एक चर आहे. त्याच्यावरून मी स्कूटरने हजारदा गेलो असेन. त्या दिवशी तो पहिल्यांदा माझ्या तळहातात आला. आधी डावा काठ, मग मधली भुसभुशीत माती, मग उजवा काठ. अंधारात कोणाच्या चेहऱ्यावरून हात फिरवावा तसा.

"पुढच्या रविवारी येतो," काका म्हणाले आणि सायकल हातात धरून निघून गेले.

मग तो नेमच झाला. रविवारी सकाळी साडेसहाला कोपऱ्यावरून काका येताना दिसत, सायकल बाजूला, हात हँडलवर, जनावराला पाण्यावर न्यावं तसे चालत. मी शटर अर्धं उघडून ठेवलेलं असे. ते आत बसत, मी सायकल घेऊन जाई. तास-दीड तासाने परत आलो की समोरच्या गाडीवर आम्ही तर्री घालून पोहे खात असू. मी भाव बोलायचो. ते म्हणायचे, "पुढच्या रविवारी बोलू." असा माणूस मला धंद्यात भेटला नव्हता. नाही म्हणणाऱ्याला मी वाकवतो, हो म्हणणाऱ्याला आणखी वाकवतो. हा माणूस दोन्ही म्हणत नव्हता.

तिसऱ्या का चौथ्या रविवारी त्यांनी माझ्याकडून सीटखालचा दांडा विकत घेतला, दुकानातला सगळ्यात लांब. मी म्हटलं, "तुमची उंची ते केवढी, अन् एवढा लांब दांडा कायले?"

"असू दे. कामात येईन."

मी दांडा कागदात गुंडाळून दिला. एक रुपया सूट दिली नाही. गिऱ्हाईक मागतं ते द्यावं आणि कारण विचारू नये, ही माझी पद्धत.

"अन् चालवत काहून नाई आणत?" मी एकदा विचारलं होतं. "सायकल असून पायी येऊन राह्यले."

"वर बसलं का आपलाच दम ऐकू येते," ते म्हणाले. "सोबत चाललं का तिचं सारं ऐकू येते. कुठी घासून राह्यली, कुठी ढिली झाली. मशीन ऐकाची असली तं बाजूनं चालावं."

मला ते पटलं. खरं म्हणजे फार आवडलं.

आता त्या रविवारांबद्दल सांगतो. जरीपटक्यातून निघालं की मानकापूरपर्यंत सिमेंटचा रस्ता. दर काही हातांवर त्याच्या दोन तुकड्यांमध्ये फट येते. आधी तळहातात ठक, मग सीटखाली ठक. पुढचं चाक सांगतं, मागचं चाक दुजोरा देतं. शॉकअपच्या सायकलवर हे काही कळत नाही, सगळं वरच्यावर गिळलं जातं. इथे मध्ये कोणी दलाल नाही. पुढे गोरेवाड्याच्या अंगाला एक मुरमाचा कच्चा रस्ता तळ्याच्या मागून जातो. सिमेंट संपून चाक मुरमावर चढलं की आवाज बदलतो. ठकठक थांबते आणि खाली कोणीतरी जाड्याभरड्या पोत्यावरून हात फिरवत बसल्यासारखी खरखर सुरू होते. तेव्हा लोखंड लवतं. डोळ्यांना दिसत नाही. खड्ड्यावरून जाताना चिमटा केसभर मागे येतो आणि पुन्हा जागेवर जातो, झोपेत माणूस कूस बदलतो तसा. एकदा हे कळलं की आपणही खांदे सोडून देतो.

हिवाळ्यात तळ्यावर धुकं असे. पाणी कुठे संपलं आणि आभाळ कुठे लागलं ते कळत नसे. त्या पांढऱ्यात पाणकोंबडीचा नुसता आवाज. फाल्गुनात पळस पेटलेले आणि चैत्रात मोहाचा वास इतका दाट की त्याच्यातून सायकल हळू चालते असं वाटायचं. गिअर नाही म्हणून काही निवडायचं नाही. चढ आला की उभं राहायचं, उतार आला की बसायचं. मला जन्मभर दर क्षणाला काहीतरी ठरवायची सवय. तिथे काही ठरवायचं नव्हतं. वडिलांच्या मागाचा धोटा जसा इकडून तिकडे जायचा, तसे पाय खालीवर होत. कधी कधी मला तो माग ऐकू यायचा. आठवत नव्हता, ऐकू यायचा.

परत आलो की काका स्टुलावर डोळे मिटून बसलेले. "सांग," म्हणायचे.

"काय सांगू? गेलो, आलो."

"असं नाई गा. कोपऱ्यावरच्या चरापासून सांग. हाताले काय आलं?"

आणि मी सांगायचो. रुळांपाशी काय लागलं, मानकापूरच्या पुढे फुटलेल्या गटाराच्या झाकणापाशी काय लागलं, मुरूम कोरडा होता की बसलेला, वळणावर मागचं चाक किती सरकलं. मला वाटे, फिटर माणूस आहे, मशीनचा रिपोर्ट घेतो आहे. ते मध्येच एखादा प्रश्न टाकत. "बाभळीपाशी उतार लागला तं पाय थांबवले काय?" मी म्हणे, थांबवले. "मंग मागून चाकाची टिकटिक आली असन." आली. ते मान न हलवता हसत. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर असत, मुठी अर्धवट मिटलेल्या.

त्यांचं एक वाक्य होतं: "एका वेळी एक सूत. आंगाले समजू नये." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, कारागिरांचं माप. खापरखेड्याला पंप आणि त्याची मोटर एका रेषेत आणायचं काम ते करत. नवे लोक घणाचा एक ठोका घालून मोकळं व्हायला बघत. काका पातळ पत्र्याचा एक तुकडा पायाखाली सरकवत, मशीन फिरवून बघत, मग दुसरा. "माणसाचंही तसंच," ते म्हणत. "एकदम हलवलं तं ओरडते."

ते नुसतं बोलत नव्हते. माझं टेबल दुकानात अगदी आत होतं, पंख्याखाली, अंधारात. एक दिवस टेबलावरच्या दिव्याची वायर पिनमधून निसटून खाली पडली. मी इलेक्ट्रिशियनला बोलावून त्याच्यावर ओरडलो. तो म्हणाला, "शेठ, वायर तेवढीच आहे. टेबल पळालं तुमचं." मोजलं तर टेबल दोन हात दाराकडे आलेलं. मी रस्त्यावर सायकल चालवत असताना काका दर रविवारी ते दोन बोटं पुढे सरकवत होते.

"आत अंधारात बसून बसून राग येते तुले," काका म्हणाले. "इथं उजेड आहे. गिऱ्हाईक बी दिसते."

मी खूप बोललो. माझ्या दुकानात माझं टेबल कुठे असावं ते सांगणारे तुम्ही कोण, वगैरे. मग नवी लांब वायर घेतली. टेबल तिथेच राहिलं. तुम्ही म्हणाल, इथेच शहाणा माणूस सावध झाला असता. मलाही आता तसंच वाटतं.

एकदा तर त्यांनी हद्द केली. एक डॉक्टर आले होते, दुकानातली सगळ्यात भारी सायकल घ्यायला, पुढेमागे शॉकअपवाली. सौदा होत आला होता. स्टुलावरून काका म्हणाले, "साहेब, इतकं मऊ घेतल्यावर रस्ता कसा समजन तुमाले?"

डॉक्टर म्हणाले, "समजून काय करायचंय?"

"मंग घरीच गादीवर बसा," काका शांतपणे म्हणाले. "तिथं अजून कमी समजते."

डॉक्टर हसले, विचार करून येतो म्हणाले आणि गेले ते गेलेच. मी काकांवर असा ओरडलो की शेजारचा किराणावाला बाहेर आला. "माया दुकानात बसून मायाच माल खराब सांगता. इथून पुढे येजो नका."

"हाव," काका म्हणाले.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम शटर बंद ठेवून आत बसलो. साडेसहाला बाहेर टिचकी वाजली, नळीवर नखाची. तो सूर शटरमधून आत आला. तो विरेपर्यंत मी बसून राहिलो, मग उठून शटर वर केलं. काकांनी हँडल माझ्याकडे केलं. मी सायकल घेऊन गेलो.

या दोन वर्षांत ती सायकल मला हळूहळू बसू लागली होती. गुडघे लागेनासे झाले. पाठ सरळ झाली. पाय खालपर्यंत मोकळे जाऊ लागले. मी मनात म्हणायचो, शरीराला सवय लागली. काकांना तसं सांगितलं, तर म्हणाले, "लागते गा सवय."

आता एक गोष्ट मलाच सांगायला हवी.

एका रविवारी मानकापूरच्या चहाच्या टपरीवर मला एक ओळखीचा माणूस भेटला. कोणाचं तरी दुकान बंद होत होतं आणि त्यातला माल तो काढणार होता. असा माणूस दिसला की मला दुसरं काही दिसत नाही. सायकल टपरीला टेकवून मी तिथेच घासाघीस करत बसलो. तास गेला. मग तिथूनच परत फिरलो.

काका डोळे मिटून बसलेले. "सांग."

गेलो नाही, असं म्हणायला काय हरकत होती? पण म्हटलं नाही. मी सांगू लागलो. मुरूम ओला होता, म्हटलं. दवाने. चाक आवाज न करता जात होतं. तळ्यावर धुकं इतकं की हँडलच्या पुढचं दिसत नव्हतं, आणि मध्येच एक बगळा अगदी अंगावरून गेला, पंखांचा वारा लागला. मी जन्मभर माल विकत आलो आहे. न पाहिलेला रस्ता विकणं मला जड गेलं नाही. त्या दिवशी मी जितकं रंगून सांगितलं तितकं कधी सांगितलं नव्हतं, आणि काका कधी नव्हे इतके ऐकत राहिले. मी थांबल्यावरही त्यांनी डोळे उघडले नाहीत.

मग ते उठले, सायकलजवळ उकिडवे बसले आणि पुढच्या टायरवरून त्यांनी अंगठा फिरवला. अंगठ्याकडे पाहिलं. मला वाटलं, हवा बघतात.

"बरा होता म्हणजे रस्ता," ते म्हणाले आणि पोहे खायला चालू लागले.

मी हे आणखी दोनदा केलं. एकदा आळसाने, एकदा त्या मालवाल्यासाठीच. तिन्ही वेळा बगळा होता.

या चैत्रात एका रविवारी पोहे खाऊन झाल्यावर ते म्हणाले, "आज सायकल इथंच राहू दे. पाय दुखून राह्यले." मी हो म्हटलं. मनात म्हटलं, आता हा माणूस नमला, पुढच्या रविवारी भाव होईल. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. फोन बंद. मला राग आला. मी वाट पाहतो आहे हे लक्षात आलं आणि आणखी राग आला. काहीतरी करायचं म्हणून मी सायकल स्टँडवर घेतली आणि खोलली.

सीट काढली आणि दांडा उपसला. माझ्याच दुकानातला तो लांब दांडा. त्याच्यावर कानसीने मारलेल्या बारीक रेघा होत्या, एकीच्या वर एक. मी पट्टी लावली. प्रत्येक दोन रेघांमध्ये बरोबर एक सूत. एकतीस रेघा. मी खाली बसलो आणि सगळ्यात खालच्या रेघेपर्यंत सीट नेऊन पाहिली. ती एका बुटक्या माणसाच्या पायांची उंची होती. मग वरच्या रेघेवर आणली. ती माझी.

दुकानात उजेड होता, टेबल दाराशी होतं. मी तिथे बसून बराच वेळ त्या सीटकडे पाहत राहिलो. वरच्या दहा रेघाच सोडा, मधल्या रेघेवरसुद्धा काकांचे पाय पॅडलला पोचले नसते. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोन वर्षांत मी काकांना त्या सायकलवर बसलेलं एकदाही पाहिलं नव्हतं.

चेन पाहून सायकल किती चालली ते सांगणारा मी.

इंदोऱ्यात त्यांचं घर शोधत गेलो. कुलूप. शेजारच्या अंगणात एक बाई खाटेवर कुरडया घालत होत्या. मला पायापासून डोक्यापर्यंत पाहून म्हणाल्या, "तुमीच काय वं बाई ते सायकलवाले लांब शेठ?" आणि आपल्याच बोलण्याला हसल्या. "त्यायची पोरगी आली होती, भिलाईले घेऊन गेली दोघायले. आता तिथंच राह्यतीन."

"ते सायकल चालवत नव्हते काय?"

"कुठची चालवतात. दोन वर्षांच्या वर झालं. मान वळवली का भोवळ येते त्यायले. नाल्यापाशी पडले होते एकदा. डॉक्टरनं साफ मना केलं का सायकलवर बसाचं नाई. काकूनं तं भंगारात देऊन टाका म्हटलं." त्यांनी कुरडईचा साचा खाली ठेवला. "पण रविवारी पाहटीच उठून पुसत बसत, अन् ढकलत ढकलत निघत. मी म्हणो, भाऊजी, कायले नेता ते लोढणं? तं म्हणत, फिरवून आणतो."

पत्ता नव्हता, मुलीचा नंबर मिळाला. सायकल पुन्हा जोडली आणि रविवारी तो लावला. काकाच बोलले.

"काका, तुमी मले फसवलं."

"हाव," काका म्हणाले.

"ते सीट. ते दांडा. तुमच्या सायकलचा तुमी मायासाठी..." मी भावावर आलो. "मी फुकट घेत नाई. माहीत आहे तुमाले. भाव सांगा."

"आज रविवार आहे ना गा?"

"आहे."

"चालवली काय?"

"चालवली."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "सांग मंग," काका म्हणाले.

मी बाहेर फुटपाथवर उभा होतो, सायकल खांबाला टेकलेली. बोलायच्या आधी मी वाकलो आणि पुढच्या टायरवरून अंगठा फिरवला. लाल मुरूम लागला. मग सांगितलं, कोपऱ्यावरच्या चरापासून. मुरूम कोरडा होता, वर आलेला. तळ्याचं पाणी आटलंय, काठाला भेगा. बगळा नव्हता.

"बगळा नव्हता?" काकांनी विचारलं.

"नव्हता."

पलीकडे खुर्ची पुन्हा सरकली. मग त्यांची मुलगी फोनवर आली आणि बाबांची औषधाची वेळ झाली म्हणाली.

म्हणून हे लिहितो आहे. त्यांची मुलगी त्यांना हे वाचून दाखवणार आहे, तसं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं आहे. तर काका, डोळे मिटून ऐका.

सायकलच्या भावाचं जाऊ द्या. तुमी भाव सांगणार नाही हे मला आता कळलं. टेबलाचंही जाऊ द्या, इथे उजेड बरा आहे. मी विचारतो आहे ते वेगळं. त्या रविवारी तुमी माझ्या टायरवरून अंगठा फिरवला, तेव्हा त्याला सिमेंटची पांढरी धूळ लागली होती. मुरमाचा एक कण नव्हता. चालणारं मशीन बाजूने ऐकून त्याचं दुखणं सांगणारा माणूस तुमी. त्या एका तासासाठी तुमी पहाटे उठून सायकल पुसत होता, इंदोऱ्याहून ढकलत आणत होता, आणि मी तुमच्या हातात खोटा रस्ता ठेवला. एकदा नाही, तीनदा. तुमाला कळलं होतं. माझ्यावर ओरडायला पाहिजे होतं, मी तुमच्यावर ओरडतो तसं. सायकल काढून घ्यायला पाहिजे होती. तुमी म्हणाला, बरा होता रस्ता, आणि पुढच्या रविवारी सीट आणखी एक सूत वर केली.

हे मला फोनवर नको आहे. चिठ्ठीही नको. भिलाईहून नागपूरला भरपूर गाड्या आहेत आणि स्टेशनवरून तुमाला आणायला मी माझी स्कूटर घेऊन येईन, मान वळवावी लागणार नाही इतकी हळू चालवीन. रविवारी साडेसहाला शटर अर्धं उघडं असतं. स्टूल जागेवर आहे. या, बसा, आणि मले तोंडावर सांगा, काका. त्या दिवशी बोलले काहून नाई?